होडी कुणाची?

मित्रांनो, माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात म्हणून हसू नका. मी एक जुनी होडी आहे. सोलापूरच्या दक्षिणेला, भीमेच्या काठावर, बाभळीखाली पालथीउताणी कशीही पडलेली असते. पण एक काळ असा होता की, माझ्यावाचून या गावाचं पान हलत नव्हतं.

माझ्या बरगड्या बाभळीच्या आणि फळ्या सागाच्या. फळ्या सोलापूरच्या वखारीतून बैलगाडीनं आल्या. सुतारानं माझ्या फटींत गिरणीतलं टाकाऊ सूत ठोकून ठोकून भरलं आणि वरून कढत डांबर फासलं. काय रुबाब होता माझा तेव्हा! येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा आणि बोटं काळी झाली की शिव्या घालायचा.

माझा नावाडी धुळाप्पा. त्याची बायको निंगव्वा. मला पहिल्यांदा पाण्यात लोटलं तेव्हा निंगव्वानं नदीची खणा-नारळानं ओटी भरली आणि धुळाप्पा हात जोडून म्हणाला, "गंगव्वा, होडी तुझी. आमी नुसती वल्हवणारी." भीमेला ही माणसं गंगव्वाच म्हणतात. होडीला 'माझी' म्हणायचं नाही, हा त्या घराचा नेम होता. धुळाप्पाच्या बापानं एकदा चारचौघांत छाती फुगवून 'माझी होडी' म्हटलं होतं, आणि त्याच पावसाळ्यात होडीसकट तो नदीत गेला. तेव्हापासून कुणी विचारलं, होडी कुणाची, तर उत्तर एकच: गंगव्वाची.

आमचा पैलतीर म्हणजे दुसरं राज्य. नुकतंच त्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं होतं. मला त्याचं काय! मला दोन्ही काठांचा चिखल सारखाच. पण एके वर्षी हुकूम निघाला की, उतारू नेणाऱ्या प्रत्येक होडीला कागद पाहिजे. धुळाप्पा धुतलेलं धोतर नेसून सोलापूरला कचेरीत गेला.

परत आल्यावर त्यानं सगळा किस्सा निंगव्वाला माझ्या काठावर बसूनच सांगितला. कारकुनानं बिचाऱ्यानं नीट समजावलं होतं. कागद दोन तऱ्हेचे. एक देवस्थानच्या होडीचा, तो याच काठापुरता. दुसरा मालकाच्या नावाचा, तो असला तरच पलीकडं उतारू उतरवता येतात.

"मग मालक कोण, म्हनला. मी म्हनलं, गंगव्वा."

"मग?"

"म्हनला, तिला घिऊन या कचेरीत. मी म्हनलं, सायेब, ती आली तर तुमची कचेरी वाहून जाईल की!"

दोघंही पोट धरून हसली. कारकूनही हसला म्हणे, आणि त्यानं देवस्थानचा कागद करून दिला. तो चुकीचा कागद निंगव्वानं पत्र्याच्या डबीत घालून माझ्या फळीखाली ठेवला. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात नंबर आला. मी इतकी फुशारले की विचारू नका.

भाद्रपदातला दिवस होता. लख्ख ऊन पडलेलं. उतारू घेऊन आम्ही पलीकडं गेलो, तर घाटावर नवा नाकेदार उभा. चन्नवीर त्याचं नाव. त्यानं कागद वाचला आणि कानडीत विचारलं, "मालक यार्री?" म्हणजे मालक कोण?

"गंगव्वा," धुळाप्पा म्हणाला.

हा मात्र हसला नाही. "मागल्या म्हैन्यात हितं एक होडी उलटली. मालक कोण, तर कुणी बोलंना. बुडालेल्यांच्या घरच्यांनी जाब कुणाला विचारायचा?" असं म्हणून त्यानं मला साखळीनं घाटावरच्या दगडी खुंट्याला बांधलं आणि कुलूप लावलं. "देवस्थानची असंल तर सोलापूरहून पंचांचं पत्र आना. तुमची असंल तर ह्या कागदावर मालक म्हनून अंगठा करा. आत्ता सोडतो."

धुळाप्पानं हात पाठीमागं नेले. "माझी न्हाय तर अंगठा कसा करू?"

आणि तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला.

इकडं आभाळात ढग नव्हता, पण वर पुण्याकडं धो-धो कोसळला असणार. नदी लाल झाली, फेस आला, घाटाची एक पायरी गेली, मग दुसरी. मी पाण्याबरोबर वर यायला बघत होते, पण साखळी आखूड! ती ताठ झाली आणि माझी नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली ओढली जायला लागली. माझ्या काठावरून पाणी आत आलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी घाबरले, खरंच फार घाबरले.

निंगव्वा माझ्यात उभी राहून घमेल्यानं पाणी उपसत होती. चन्नवीर खिशातून किल्ली काढत होता, पुन्हा ठेवत होता. "अंगठा करा की हो! होडी मुळगतद री, बुडंल!"

"न्हाय जमायचं मला," धुळाप्पा म्हणाला. मी गेले की घरातली चूल गेली, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्याला बापाचं तोंड दिसत होतं.

निंगव्वानं घमेलं टाकलं आणि ती निथळत घाटावर चढली. "आना तो कागद. होडी माझी हाय."

धुळाप्पानं तिचं मनगट धरलं. "गप! काय बोललीस कळतंय का तुला?"

"कळतंय. तुमच्या बाला न्हेलं तिनं. तुमाला न्हेऊ द्यायची न्हाय मी. म्हनून मी म्हनलं. न्हेलं तर मला न्हेऊ दे."

तिनं अंगठा उठवला. चन्नवीर तसाच पाण्यात धावला. कुलपात गाळ गेलेला, किल्ली फिरेना. फिरली, तशी माझी नाळ उसळली आणि धारेनं मला खेचलं. नाळेला बांधलेला दोर निंगव्वानं पकडला! ती फरफटत कंबरभर पाण्यात आली.

"सोड! जाऊ दे तिला!" धुळाप्पा किंचाळला.

"माझी हाय ती! सोडनार न्हाय!"

पाणी तिच्या छातीला लागलं. तेव्हा धुळाप्पानं उडी घेतली. एका हातानं बायकोला धरलं, दुसऱ्यानं दोर, आणि नदीकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडला, "आमची हाय, गंगव्वा! दोगांची हाय!"

मग चन्नवीरनं दोर धरला, उतारूंनी धरला, आणि त्यांनी मला काठावर ओढून घेतलं. माझी एक फळी फुटली होती. धुळाप्पा तिथंच चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. पूर ओसरल्यावर तो सोलापूरला गेला आणि दोघांच्या नावाचा कागद घेऊन आला. या खेपेला त्यात विनोद काही नव्हता.

पुढं पूल झाला. धुळाप्पा अंथरुणावरच गेला, नदीनं नाही नेला. माझं डांबर सुटलं, सूत निघालं. मित्रांनो, परमुलखाला निघण्याआधी आपला कागद कोणता ते नीट बघून घ्या, एवढं सांगायला मी लायक आहे. आणि ज्या वस्तूवर जगता, तिला वेळेवर आपली म्हणा. जिला कुणी आपली म्हणत नाही, तिची निगाही कुणी राखत नाही, आणि ती बुडताना किल्ली खिशातच राहते.

संध्याकाळी निंगव्वा काठी टेकत येते. परवा काही पोरं माझ्यावर नाचत होती. तिला बघून एकानं विचारलं, "आज्जी, ही मोडकी होडी कुनाची गं?"

"माझी हाय," ती म्हणाली. "उतरा खाली, फळी मोडंल तिची."