अज्जीची खोटी बातमी

मल्लेशच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकानं मीठ मागितलं तरी आधी बातमी मिळायची, मीठ नंतर. पोरगी पिच्चरमध्ये हाय, मेन रोल हाय! मेन रोल, म्हणजे त्याची दानेश्वरी, नऊ वर्षांचा होता. लढाईत बेचिराख झालेल्या कुठल्याशा शहरात एक पोर कशी दिवस काढते, एवढीच कथा. ते शहर कसबा बावड्यातल्या एका बंद गोदामात थर्माकोलच्या विटा आणि पोत्यांनी राख ओतून उभं केलं होतं. इकडं कुरुंदवाडात मल्लेशची कॉलर मात्र ताठ होती.

घोळ एकच होता, दानेश्वरी रडत नव्हती. ढिगाऱ्यात आजीची शाल सापडते आणि पोर हंबरडा फोडते, असा सीन. दोन दिवस झाले, पोरगी शाल उचलायची, झटकायची आणि नीट घडी घालून ठेवायची. ग्लिसरीनचं रडू दिग्दर्शक प्रियदर्शनी मॅडमना चालत नव्हतं.

"दुपारपर्यंत बघू," त्या मल्लेशला म्हणाल्या. "नाहीतर पुण्याची मुलगी तयार आहे."

मल्लेशला दुकानातली गिऱ्हाइकं दिसायला लागली. आता गावात तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात त्याला कावळा आठवला. त्यांच्या भागात कुणाच्या डोक्याला कावळा शिवला, की घरचे पैपावण्यांना त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायचे. पावणे ऊर बडवून घ्यायचे, अपशकुन टळायचा, माणसाचं आयुष्य वाढायचं. मल्लेशची आई मल्लव्वा अशी एकदा मेली होती, त्याला वीस वर्षं झाली तरी ठणठणीत होती. मग यात पाप कसलं? उलट आईला चार वर्षं जास्तच मिळतील. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण कारणं मात्र त्याला भराभर सुचतात.

त्यानं पोरीला बाजूला घेतलं. "दाने, घरनं फोन आलता. अज्जी गेली."

"कुठं गेली, अप्पा?"

"वारली की गं."

दानेश्वरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिकडून हाक आली, कॅमेरा सुरू झाला. तिनं शाल उचलली, छातीशी धरली आणि असा टाहो फोडला की लाईटवाला माणूससुद्धा बाहीनं डोळे पुसायला लागला.

"कट! अप्रतिम!" मॅडम म्हणाल्या. "आता हेच जवळून घेऊ."

खरं सांगायला मल्लेश दोन पावलं पुढं आला होता. तो थांबला. एवढं होऊ दे, मग सांगू. जवळून झालं, तर मॅडमना तेच बाजूनं हवं झालं. तो पुन्हा थांबला. तोवर पोरीचा घसा बसला होता, तरी ती रडतच होती. आणि मल्लेशला त्या वेळी अभिमान वाटत होता. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण नाही वाटलं.

तिसऱ्या खेपेनंतर टाळ्या पडल्या. मग त्यानं सांगितलं, "खोटं हुतं गं," आणि फोन लावून दिला. पलीकडून मल्लव्वानं विचारलं, "जेवलीस काय?" दानेश्वरीनं आवाज ऐकला आणि फोन परत दिला. मोटारसायकलवर रोज ती बापाची कंबर धरायची. आज मागची दांडी धरून बसली.

घरी मल्लव्वा लसूण सोलत होती. पोरगी जाऊन तिच्या मांडीला चिकटली. मल्लेशनं हसत हसत सगळं सांगून टाकलं. मल्लव्वाही हसली.

"बरं झालं की! आयुष्य वाढलं माझं. रडली का पोर?"

"रडली म्हंजे? तीनदा! तिन्ही बाजूनं घेतलं."

मल्लव्वाचा हात थांबला.

"एकदा रडलं की लगीच खरं सांगायचं असतंय, मल्लेशा. पैलं रडणं माझ्या आयुष्यासाठी धर. फुडं दोनदा कुणासाठी रडवलीस?"

मल्लेश सोललेला लसूण गोळा करायला लागला.

"अप्पांसाठी," दानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेलाच होता.