तिसरी सही

नत्थू मेश्रामांनी सही करायच्या आधी पेन दोनदा झटकला आणि तळहातावर ओढून पाहिला. पेन उठत नव्हता. समोर उभा असलेला त्यांचा मुलगा यशदीप मनातल्या मनात म्हणत होता, नकोच उठू. पण नत्थूराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. बिघडलेली वस्तू तशीच खाली ठेवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पेनाच्या टोकावर तोंडाची वाफ सोडली, टोक धोतराला घासलं आणि कागदावर झोकात सही ठोकली.

"घे," ते म्हणाले. "मेश्रामाच्या खानदानात कोणी समुंदर नाई ओलांडला."

यशदीपने कागद घेतला. बाप अडवणार, निदान दोन दिवस घोळ घालणार, यावर त्याची सगळी भिस्त होती, आणि बापाने तर पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

कागद संमतिपत्राचा होता. तिकडे युरोपात लढाई पेटली होती, रोज कुठल्या ना कुठल्या शहरावर बॉम्ब पडत होते, आणि आगी विझवायला माणसं पुरत नव्हती. देशोदेशीच्या अग्निशमनवाल्यांची एक संघटना स्वयंसेवक गोळा करत होती. यशदीप नव्या रायपुरातल्या फायर स्टेशनवर फायरमन. महिन्याभरापूर्वी त्या संघटनेचा एक माणूस शिकवायला आला होता. शेवटी साहेबांनी विचारलं, आपल्यातून कोण जाईल, आणि सगळ्या माना यशदीपकडे वळल्या. त्याने हात वर केला असं लोक सांगत. खरं म्हणजे हात वर गेला. आता तीन महिने जायचं होतं, आणि अट एकच होती: आई, वडील, बायको, तिघांच्या सह्या. त्यातली एक जरी नसली तरी अर्ज रद्द. रद्द का झाला ते कुणी विचारणार नव्हतं, की त्याचा कमीपणा कुणी मानणार नव्हतं. ही अट वाचली तेव्हा यशदीपला वाटलं, सुटलो.

माना त्याच्याकडे का वळल्या, त्याचं उत्तर नत्थूरावांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, फ्रेम करून टांगलेलं होतं. वर्तमानपत्रातला फोटो. आठ महिन्यांपूर्वी पंडरीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाला आग लागली होती, आणि फोटोत यशदीप दुकानातल्या नरहरी नावाच्या म्हाताऱ्या नोकराला खांद्यावर घेऊन धुरातून बाहेर येत होता. तेव्हापासून सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, त्याला 'पंडरीवाला' म्हणायचा.

त्या जिन्यात काय झालं ते मात्र एकट्या यशदीपला माहीत होतं. वरच्या मजल्यावरून साड्यांचे गठ्ठे पेटत खाली येत होते, आणि सहाव्या पायरीवर त्याचे पाय गेले. गेले म्हणजे गेलेच. तो कठड्याला मिठी मारून खाली बसला आणि डोळे मिटले. वरून खोकत खोकत नरहरीच उतरला, त्यानेच याचा हात धरून ओढलं, आणि दारापाशी आल्यावर मोकळ्या हवेत बेशुद्ध होऊन याच्या खांद्यावर कोसळला. तेवढ्यात फोटोवाला समोर. शुद्धीवर आल्यावर नरहरीला काही म्हणता काही आठवेना. बिचारा मिठाई घेऊन घरी आला, पाया पडायला लागला. यशदीप तोंड उघडणार होता, पण तोवर नत्थूराव फोटोच्या फ्रेमचं माप घेत होते. मग कसलं तोंड उघडतंय.

चार दिवस कागद तसाच ठेवून रविवारी दुपारी तो आतल्या खोलीत चेतनाकडे गेला. चेतना त्याची बायको. मंत्रालयात बाबू होती, रोजची बस धरून नव्या रायपुरात जायची, आणि रविवारी आठवड्याच्या साड्यांना इस्त्री करायची. मराठी तिला सगळी समजायची, पण बोलायची हिंदीच. यशदीपने कागद तिच्यासमोर धरला आणि मुद्दाम सगळं सांगितलं. तो शिकवणारा माणूस म्हणाला होता की पहिला बॉम्ब इमारतीवर पडतो आणि दुसरा अर्ध्या तासाने त्याच जागी, बंब येऊन पोहोचले की. म्हणून तिथे गाडी तोंड बाहेर करून लावायची, इंजिन बंद करायचं नाही, आणि पाण्याचा पाइप हातात असला तरी कान आभाळाकडे ठेवायचा. त्याने एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात आठ फायरमन होते, आणि नंतर धूर होता. व्हिडिओचंही यशदीपने चेतनाला सांगितलं. तो पाहिल्यापासून कुकरची शिट्टी झाली तरी त्याचे खांदे आपोआप वर उचलले जायचे.

चेतना ऐकत होती. इस्त्री तिने उभी करून ठेवली होती. ती आता रडेल, कागद फाडेल, माहेरी निघून जाते म्हणेल, यातलं काहीही चालणार होतं. तिने जायची तारीख विचारली आणि सही केली.

"मैंने रोका तो आप मेरे को जिंदगी भर माफ नहीं करोगे," ती म्हणाली. मग पाठ फिरवून तिने तीच साडी पुन्हा इस्त्रीला घेतली, इस्त्री झालेली.

तेव्हा तरी यशदीपने सांगायचं, की बाई गं, मला जायचं नाही, मी भितो. एवढंच वाक्य. पण त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आठ महिने लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं, आणि उतरायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं.

उरली सत्यभामाबाईंची, त्याच्या आईची सही. ती घरात करून घ्यायची सोयही नत्थूरावांनी ठेवली नव्हती. त्या दिवशी चार वाजता पाऱ्यातल्या विहारात वंदनेनंतर यशदीपचा सत्कार होता. चौकात फ्लेक्स लागून तीन दिवस झाले होते, त्यावर हेल्मेट घातलेला यशदीप आणि खाली कमिटीतल्या अकरा जणांची तोंडं. अध्यक्ष अनंतराव हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. कुठलीही गोष्ट हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय सुरू झाली असं त्यांना वाटायचं नाही. नत्थूरावांनी आणि त्यांनी मिळून ठरवलं होतं की आईची सही स्टेजवर घ्यायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

विहार भरून गेलं होतं. बाया पांढऱ्या साड्यांत पुढे बसल्या होत्या, सत्यभामाबाई पहिल्या ओळीत. यशदीपला स्टेजवर नेलं. त्रिशरण, पंचशील झालं. मग अनंतराव माइकवर म्हणाले की आज बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती आपले फायरवाले भाऊच लावतील, आणि त्यांनी काडीपेटी यशदीपच्या हातात दिली.

त्याने पेटी उघडली. काडी काढली. चारशे डोळे त्याच्याकडे बघत होते. काडी पेटीला लावली, पण ओढवेना. त्याने काडी परत पेटीत घातली आणि पेटी दोन्ही हातांनी अनंतरावांपुढे धरली. वडीलधारी माणसं असताना आपण कशी लावायची, असं काहीतरी तो पुटपुटला. लोकांना ते फारच आवडलं. टाळ्या पडल्या. एवढं नाव झालं तरी पोट्ट्यात गर्व नाही, असं मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा.

शाल झाली, भाषणं झाली. मग टेबलावर कागद ठेवला गेला आणि सत्यभामाबाईंना वर बोलावलं. त्या सावकाश चढल्या. कागद त्यांनी उचलला आणि वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत वाचला. हिंदी होता, वेळ लागला. सभेत चुळबुळ सुरू झाली. यशदीप त्यांच्या बोटाकडे बघत होता. बोट नत्थूरावांच्या सहीवरून गेलं, चेतनाच्या सहीवरून गेलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं.

सत्यभामाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मी सही नाई करत."

अनंतराव हसले, आईचं काळीज म्हणाले, माइकवर हात ठेवून हळू आवाजात समजावू लागले. नत्थूराव खुर्चीतून अर्धे उठले. सत्यभामाबाईंनी अनंतरावांचा हात माइकवरून बाजूला केला. उभ्या जन्मात त्या कधी माइकवर बोलल्या नव्हत्या.

"पोट्टा हिंमतवाला हाय," त्या म्हणाल्या. "थो त जातोच म्हणते. मीच भेते. माह्यात हिंमत नाई, मी भेकड हाव. त्याले कोणी बोल लावू नका."

एवढं बोलून त्या उतरल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीत, आपल्याच जागी जाऊन बसल्या. शेजारची बाई किंचित सरकून बसली. मागे कुजबुज वाढली. आई आहे, असं काही जणी म्हणत होत्या. पण सैन्यात जाणाऱ्यांना काय आया नसतात, असं विचारणाऱ्या जास्त होत्या. नत्थूराव मुंडी खाली घालून एकटेच घराकडे चालू लागले, चपला घालायच्याही विसरले.

आणि यशदीप? त्याच्या छातीवरची धोंड उतरली होती. हातपाय मोकळे झाले होते, श्वास पोटापर्यंत जात होता. त्या मोकळेपणाची त्याला इतकी शरम वाटली की शाल अंगावर तशीच ठेवून तो मागच्या दाराने बाहेर पडला.

तो घरी पोहोचला तेव्हा पुढच्या खोलीत बैठक बसली होती. नत्थूराव फोटोखाली, समोर अनंतराव आणि कमिटीतले दोघं. कागद उद्या अकरा वाजेपर्यंत साहेबांकडे पोहोचला तरी चालतो, तोवर बाईला वळवायचं कसं, यावर खल चालला होता. यशदीपला पाहून अनंतराव उठले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि धीर दिला, मरणाच्या घरी देतात तसा. तू बोल तिच्याशी, ते म्हणाले, तुझं ऐकेल.

तो स्वयंपाकघरात गेला. सत्यभामाबाईंनी पाहुण्यांच्या चहाचं आधण शेगडीवर ठेवलं होतं, पण खाली गॅस पेटलेला नव्हता. त्यांनी लायटर त्याच्यापुढे धरला.

"पेटव."

यशदीपने हात पुढे केला नाही.

"आठ महिने झाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू गॅसले हात नाई लावला. चहा लागला त मले आवाज देतं, नाई त चेतनाले. फायरवाला पोट्टा आन बर्नरपासून चार हात दूर उभा रायते. मी काय आंधळी हाव?"

त्यांनी स्वतःच गॅस पेटवला. भप्प झालं आणि यशदीप भिंतीला टेकला. त्या बघत होत्या. त्यांनी ज्योत बारीक केली.

"मग आधीच काहून नाई म्हटलं तू?" त्याने विचारलं.

"घरात म्हटलं असतं त तुह्या बापानं हात धरून करवली असती सही. आन वाट पाहिली मी. वाटलं, तू सांगशीन."

पुढच्या खोलीतून नत्थूरावांनी हाक मारली, काय म्हणते ते, कबूल होते की नाही. सत्यभामाबाईंनी साखरेचा डबा खाली घेतला.

"आता मले बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"बोल. मायनं नाक कापलं म्हण. तू चूप राहिला त त्याईले समजन."

हे आपल्याच्याने होणार नाही असं त्याला वाटलं. आणि बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, बाप उठून आत येत होता की काय कोण जाणे.

"माय, तुनं माही इज्जत घालवली," तो म्हणाला.

"जोरात."

तो जोरात म्हणाला. मग आणखी जोरात. सगळ्या पाऱ्यासमोर मान खाली घालायला लावली म्हणाला, तुझ्यासारख्या भेकड बाईच्या पोटी कशाला जन्म घेतला म्हणाला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबताच येईना. शब्द खरेच येऊ लागले, राग खराच येऊ लागला, आठ महिन्यांचा. बाहेर खुर्ची पुन्हा जागेवर गेली. अनंतराव कुणाला तरी म्हणत होते, बोलू द्या, पोट्ट्याच्या मनाला लागलं आहे.

सत्यभामाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. चहात साखर घालता घालता त्यांनी एकदा पुढच्या खोलीकडे कान दिला, आणि अजून थोडं, अशी हाताने खूण केली.