थंडीच्या गावी दिलेली डाळिंब

मी डाळिंब बोलतेय. फळ नव्हे, झाड. फळ धरायचं वय झालं आणि मला मुळासकट काढून इथे आणलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म दक्षिणेकडे, गोहुंगचा. समुद्र इतका जवळ की हिवाळा तिथे दारातूनच विचारपूस करून जायचा. बोराम त्या घरची लेक; तिच्या आईने मला एका फांदीपासून वाढवलं. बोरामचं लग्न डोंगरातल्या जेचॉनला झालं, तशी मीही तिच्याबरोबर निघाले, मुळांना ओलं पोतं गुंडाळून.

सासरे मला पाहून हसलेच. "सूनबाई, इथे कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी दगड होतं. ही काय टिकतेय! एक हिवाळा बघू. नाहीतर तोडून मिरच्या लावू."

बोराम बोलतच नाही फारशी. पण रोज सकाळी आधी माझ्यापाशी यायची, मग स्वयंपाकघरात जायची.

पहिलं दव गोठलं, तशी ती पेंढा घेऊन धावली. सासूबाईंनी वाटेतच अडवलं.

"इतक्यात नको गं! पानं झडू देत. कुडकुडू दे जरा तिला."

"आई, मरेल ती."

"आत्ता ऊब दिलीस तर नक्की मरेल."

राग आला मला. पण त्यांचं खरं होतं. हळूहळू गारठत गेले, तसं अंगातलं पाणी आटलं, रस दाट झाला, गोड झाला. गोड रस सहजी गोठत नाही. मग दोघींनी मला पेंढ्यात बांधलं, बुंध्याशी भाताचं तूस लोटलं. आत नुसता अंधार. मी सारखी कान लावून. वारा कुठून येतोय, कोण काय म्हणतंय.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनेपेक्षा झाडाचेच लाड जास्त!"

"झाड उलट बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची सून तरी कुठे बोलते?"



कडाका सरला आणि बेडूक जागे होण्याचा सण आला. त्या दिवशी इथे झाडांचा पेंढा सोडतात आणि लगेच जाळतात. हिवाळाभर किडे त्यात दडून बसलेले असतात, ते उठायच्या आत.

"आई, थोडे दिवस राहू दे ना," बोराम हळूच म्हणाली.

"माझ्या सासूने याच दिवशी सोडला. मीही याच दिवशी सोडते."

पेंढा भडकला. खोटं कशाला बोलू, मला ऊन आवडलं. रस पातळ झाला, फांद्यांवरचे अंकुरांचे डोळे फुगायला लागले. हिवाळाभर कमावलेलं सगळं मी चार उन्हांत उधळलं.

आणि थंडी उलटून आली. फुलांवर जळणारी थंडी म्हणतात तिला. संध्याकाळी वारा फिरला, तेव्हा गावात पेंढ्याची काडी नव्हती, नुसती राख. सासूबाई ओसरीवर उभ्या राहून आभाळाकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि कपाटातली रेशमी रजई घेऊन आल्या. बोरामच्या माहेरून मानाची म्हणून आलेली, एकदाही अंगावर न घेतलेली.

"अहो आई, ही नको! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दोरी धर घट्ट."

रेशीम वाऱ्याला पुरलं नाही. माझ्या अंगात काहीतरी तडतडत होतं, आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हतं.

आता सगळं अंगण हिरवं झालंय. मीच काटकीसारखी उभी. डाळिंब उशिरा जागी होते, हे गोहुंगमध्ये पोराबाळांनाही ठाऊक असतं. इथे कोण सांगणार? आज सासरे करवत घेऊन आलेत.

"संपलं, सूनबाई. बाजूला हो."

"नाही, बाबा."

एवढंच. पण इतक्या मोठ्याने की शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

सासरे थबकले. "बरं. मग दाखव, कुठे जिवंत आहे ते."

ती नखाने माझी साल खरवडतेय, आत हिरवा जीव दिसतो का बघायला. शेंड्याला तपकिरी. मधल्या फांदीवर तपकिरी. खोडावरही. ती गुडघ्यांवर बसलीय. सासूबाईंनी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवलाय, आणि तो हात धीर द्यायला आहे की मागे ओढायला, हे मला कळत नाही.

बोराम, मी तुझ्याहूनही गप्प जातीची. हाक मारता येत नाही. पण उठू नकोस. अगदी मातीला टेकून बघ. तिथे मी हिरवी आहे. अजून खाली. अजून थोडं खाली.