खंडेनवमीला शटर खाली होतं

मित्रांनो, घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्कशॉपात लोखंडी स्टँडवर बसवलेलं जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे मी. मला चाकं नाहीत, गाडी नाही. मी चालतो, पण जात कुठेच नाही. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

पूर्वी मी टॅक्सीत होतो. टॅक्सी भंगारात गेली, तेव्हा साकीनाक्याच्या एका गॅरेजवाल्याने मला शाळेला देऊन टाकलं. रस्त्यावर माझ्या धुराकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. इथे मात्र आमच्या शिक्षिका सुलक्षणाबाई यांचं भलतंच. मला चालू करण्याआधी शटर पूर्ण वर, पंखा सुरू आणि सायलेन्सरला जोडलेली नळी खिडकीबाहेर. तोवर किल्लीला हात लावायचा नाही. मुलं कुरकुरायची. मलाही राग यायचा. माझ्या श्वासाचं एवढं काय वावडं?

मग खंडेनवमी आली. पाने, हातोड्या पुसून पूजेला मांडल्या. दहावीतल्या मानसीने माझ्यासमोर रांगोळी काढली. नळी रांगोळीवर येत होती, म्हणून तिच्या वर्गातल्या देवेशने ती काढून ठेवली. मला झेंडूचा हार घातला. निरांजन सारखं विझू लागलं, तेव्हा बाईंनीच पंखा बंद करायला लावला आणि शटर खाली ओढलं. रोज ओरडणाऱ्या बाईच बरं का! पूजेत यंत्र चालवून दाखवायचं, ही इथली रीत. मानसीने किल्ली फिरवली.

"काय आवाज आहे यार! झकास!" देवेश म्हणाला.

मी फुलून गेलो. आरती सुरू झाली. ताट घेऊन मानसी माझ्या अगदी जवळ उभी होती. हळूहळू तिचा आवाज बसत गेला.

"बाई, डोकं जड झालंय ना."

"उपाशी असशील गं. आरती होऊ दे, मग प्रसाद खा," बाई म्हणाल्या. त्यांनीही कपाळ चोळलं.

मला काही समजेना. आणि मानसी कोसळली. ताट घरंगळत माझ्या स्टँडवर आदळलं.

"इंजिन बंद कर! शटर उघड रे, शटर!" बाई किंचाळल्या.

देवेशने किल्ली फिरवली, शटर वर ढकललं. सगळ्यांनी मानसीला उचलून मैदानात नेलं, तिथून दवाखान्यात. हार घातलेला मी एकटाच उरलो. मला फार भीती वाटली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मानसी परत आली, जरा वाळलेली. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस उभ्या उभ्या जातो. मला ठाऊक होतं, तरी मी दिवा जपत बसले."

"आणि हा बघा कसा गप्प बसलाय," मानसी माझ्याकडे बघून म्हणाली. "याला काय कळणार!"

खरंच कळत नाही. त्या दिवशी माझ्यात काहीच बिघाड नव्हता. इतका छान मी कधी चाललो नव्हतो, आणि तेव्हाच ती पडली. या दोन्हींचा मेळ मला लागत नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. पूजा करा किंवा करू नका, मला मोकळ्या हवेतच चालवा. कोणी डोकं जड झालं म्हणालं, तर आधी मला बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, कारणं मग शोधा. ती जमिनीवर पडली होती, तेव्हाही मी त्याच तालात चालत होतो. मला स्वतःहून थांबता येत नाही.