एमिली कुणाची?

बाळ वीस दिवसांचं झालं तरी जन्मनोंदणीचा फॉर्म फ्रिजवर, लॉबस्टरच्या आकाराच्या चुंबकाखाली, तसाच लटकत होता. नावावर दुमत नव्हतं. एमिली हे नाव सगळ्यांनाच पसंत. घोडं अडलं होतं ते लिहिण्यावर. इंग्रजीत शेवटी एकच अक्षर, फ्रेंचमध्ये दोन, आणि शिवाय पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. त्या टीचभर रेघेसाठी आल्विना म्हातारीने जावयाशी वीस दिवस उभा दावा मांडला होता.

खरं तर तिने निकाल कधीच लावून टाकला होता. नाव ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या दुपट्यावर लाल धाग्याने ते भरून ठेवलं होतं, रेघेसकट. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. फक्त समोरच्या योलांदला सांगितली. योलांद गावाचं पोस्ट सांभाळते, त्यामुळे बाकीच्यांना सांगायची गरजच उरली नाही.

रविवारी जेवायला फ्रिको होता, कोंबडी आणि बटाटे घातलेला रस्सा.

"मेमेर, अजून वाढा ना," जावई कीथ म्हणाला. बाळ झाल्यापासून घरात सगळे आल्विनाला मेमेरच म्हणत. आजी झाली होती ती.

"वाढते की. खाताना बरं आमचं सगळं गोड लागतं तुला! एक रेघ तेवढी घशात अडकते."

"रेघेत मीठ कमी आहे, मेमेर."

आल्विनाच्या लेकीने, मिलेनने, चमचा आपटला. "भांडत बसा दोघं. मी तिला अठरा वर्षं बाळच म्हणणार. लग्नपत्रिकेतसुद्धा 'बाळ' छापू."

कीथ उठला आणि आतून एक तेलकट वही घेऊन आला. त्याची आई गेल्या हिवाळ्यात वारली. बाप त्याने पाहिलाच नव्हता. सेंट जॉनला एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबून आईने त्याला एकटीने वाढवलं होतं. वही तिच्या पाककृतींची. पहिल्या पानावर निळ्या शाईत तिचं नाव होतं, एमिली, रेघेशिवाय.

"ती असं लिहायची," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली मला इथे. तुमच्या पुतण्याबरोबर पहाटे समुद्रात लॉबस्टरचे पिंजरे ओढतो. तुमची भाषा शिकलो, शिव्यासुद्धा शिकलो. तरी धक्क्यावर मी अजून 'मिलेनचा इंग्रज'च. उद्या कुणी विचारलं, ही पोर कुणाची, तर काय सांगाल?"

न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या फ्रेंच बोलणाऱ्या गावात निम्म्यांचं आडनाव एकच, आणि पॉल तर एका रस्त्यावर चार. म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आज्याच्या नावाने. मिलेन म्हणजे तादेच्या एदमोंची मिलेन. तिची पोर म्हणजे एदमोंच्या मिलेनची एमिली. त्यात कीथ कुठेच नव्हता. इतक्या वर्षांत म्हातारीच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि आता आलं तशी तिला स्वतःचीच लाज वाटली. पण हार मानायची तिला सवय नव्हती.

"रस्सा निवतोय," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मिलेनने फॉर्म कीथच्या हातात कोंबला आणि बाबागाडी आईच्या. "पोस्टात जा दोघं. कोरा फॉर्म घेऊन परत आलात तर दार उघडणार नाही."

पोस्टात योलांद कान टवकारून तयारच होती. बाकावर म्हातारा फिदेल बसला होता. त्याला कुणाचं पत्र येत नाही, तरी तो रोज बसतो. तो गाडीवर वाकला.

"हे कुणाचं?"

आमच्याकडे हा प्रश्न माहितीसाठी नसतो. माहिती असतेच सगळ्यांना. नव्या बाळाबद्दल तो चारचौघांत एकदा विचारायचा, आणि जे उत्तर येईल ते त्याला जन्मभर चिकटतं.

"एदमोंच्या..." जिभेवर आलेलं म्हातारीने गिळलं. "कीथची. कीथची एमिली."

योलांदचा शिक्का हवेतच थांबला.

"कीथची?" फिदेलने टोपी मागे सारली. "आणि कीथ कुणाचा?"

कीथ मान खाली घालून फॉर्मची घडी चाळवत राहिला. फिदेल बापाचं नाव विचारत होता, आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

"एमिलीचा!" आल्विना ठणकावून म्हणाली. "सेंट जॉनच्या एमिलीचा. एकटीने वाढवलंय तिने याला. आता म्हण बघू."

फिदेलने जरा घोळवून पाहिलं. "एमिलीच्या कीथची एमिली." पुन्हा एकदा म्हणाला आणि मान डोलावली. "बसतंय."

कीथचे डोळे भरून आले. आईचं नाव या गावात कुणी घेईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याने काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि फॉर्मवर लेकीचं नाव लिहिलं, शेवटी दोन अक्षरं. मग जीभ दातांत धरून पहिल्या अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढली.

"बघा, मेमेर."

"फार लांब झाली," आल्विना नाक उडवून म्हणाली.

"चालायचंच," योलांद शिक्का मारत म्हणाली. "इंग्रजाचा हात, दुसरं काय!"

"इंग्रज कोण?" म्हातारी गर्रकन वळली. "एमिलीचा कीथ आहे तो."