डावऱ्या हाताची जांभळी फुलं

ओहायो नदीकाठच्या टॅनर्स बेंड गावातला काचकारखाना बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती. तरी तिथल्या रंगवलेल्या काचसामानाचे शौकीन दर जुलैत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमायचे. यंदा त्यांनी वेल्डा क्रॉदर्सला आग्रहानं बोलावलं. वय एक्क्याऐंशी, नक्षीखात्यातल्या बायकांपैकी ती एकटीच उरली होती.

तिला कॉफीच्या टेबलाशेजारी बसवलं आणि लोक एकेक वस्तू पुढे धरू लागले. हिरवा वाडगा तिनं उपडा करून परत दिला. तळ घासलेला होता, म्हणजे आमचा नाही, म्हणाली. गुलाबी बशी मात्र आमचीच. साच्याचा सांधा तिच्या बोटाला लगेच लागला. लोकांना मजा वाटत होती. तिलाही बरं वाटत होतं. आठवडाभरात एवढं बोलणं तिचं कुणाशी झालं नव्हतं.

मग मार्शा हॉस्टेटलर आली. बावीस वर्षं ती फक्त वेल्डाच्या सहीच्या वस्तू जमवत होती. टॉवेलात गुंडाळलेली दुधी काचेची फुलदाणी तिनं हलकेच टेबलावर ठेवली. अंगावर जांभळी फुलं, तळाशी वेल्डाचं नाव.

वेल्डानं पाकळ्यांवरून बोट फिरवलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"अहो वेल्डाबाई, सही तुमचीच आहे की."

"नाव माझं. हात आर्डिथचा."

आर्डिथ पाइल कारखान्यात तिच्या शेजारच्या बाकावर बसायची. एका हिवाळ्यात वेल्डा बर्फावरून घसरली, मनगट मोडलं. त्याच आठवड्यात खात्यातल्या दुसऱ्या दोघींना कामावरून कमी केलं होतं, म्हणून वेल्डानं मुकादमाला कळू दिलं नाही. तीन आठवडे ती बाकावर नुसता कुंचला धरून बसली, आणि आर्डिथनं आपलं काम उरकून तिचंही रंगवलं, खाली तिचंच नाव घातलं. वर टोमणाही मारायची, "केवढं लांब आडनाव गं तुझं. लग्न करून लहानसं घे की एखादं."

वेल्डानं लग्न केलंच नाही. आर्डिथला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

"ती डावरी होती," वेल्डा मार्शाला दाखवू लागली. "हे बघ, पाकळीचं शेपूट कुठल्या अंगाला वळलंय. माझं असं वळायचंच नाही."

मार्शानं मान डोलावली, पण तिची नजर सहीवरच होती. मागचा एक माणूस हळूच म्हणाला की या वयात व्हायचंच असं. कुणी तरी वेल्डाला पेपरोनी भरलेला पाव आणून दिला. मार्शानं फुलदाणी पुन्हा टॉवेलात गुंडाळली.

सप्टेंबरात त्या शौकिनांच्या मंडळाचं पत्रक आलं. पहिल्याच पानावर तीच फुलदाणी, खाली मोठ्या अक्षरात वेल्डाचं नाव. तिनं मंडळाला सविस्तर पत्र लिहिलं, पाकळीचं चित्र काढून दाखवलं. उत्तरादाखल नुसतं छापील आभारपत्र आलं. आर्डिथच्या मुलीचा ॲरिझोनातला नंबर लावून पाहिला, तर तो बंद होता.

त्या संध्याकाळी वेल्डानं पत्रकातलं आपलं नाव खोडलं आणि वर आर्डिथ पाइल लिहिलं. कागद हातात धरून तशीच बसली. दाखवावं असं कुणीच नव्हतं. मग उठून तिनं एकटीपुरतं सूप गरम केलं.