तीन बोटे उंच

मित्रांनो, कट्टा म्हटले की तुम्हाला झाडाखालचा किंवा शाळेच्या फाटकाजवळचा गप्पांचा कट्टा आठवेल. मी तसला भाग्यवान नाही. मी एका घराच्या बाथरूममध्ये, शॉवरखालच्या कोपऱ्यात बांधलेला जुना कट्टा आहे. माझ्याकडे कोणी गप्पा मारायला येत नाही. येतात ते डोळ्यांत साबण गेला म्हणून ओरडत येतात. तरी माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे, असे मला वाटते. मी थोडा आढ्यतेखोर आहे, हे आधीच कबूल करतो.

या घरात एक आजोबा राहत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे शर्ट आणि कोट शिवले होते. अंगाने ठेंगणे, पण कपड्यांची इस्त्री अशी की बघत राहावे. घरात त्यांची मुलगी आणि शाळेत जाणारी नात होती. एके सकाळी आंघोळ करताना मास्तरांचे प्लास्टिकचे स्टूल ओल्या फरशीवर सरकले, मास्तर पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हातात काठी आली. त्या दिवसापासून मुलगी त्यांना आंघोळ घालू लागली आणि बाथरूमचे दार उघडे राहू लागले.

तेव्हा मी नव्हतो. पुढचे मला शेजारच्या भिंतीने सांगितले. मुलगी सगळे अगदी मनापासून करायची, पण करताना ती एका भिंतीकडे पाहायची आणि मास्तर दुसऱ्या. हळूहळू मास्तर कारणे काढू लागले. आज सर्दी आहे, आज कणकण वाटते, आज पाणीच बरोबर तापलेले नाही. आठवड्यातून एकदा आंघोळ झाली तरी पुष्कळ, अशी वेळ आली. मास्तरांना फक्त एकच गोष्ट हवी होती. आत जावे, आपल्या हाताने कडी लावावी आणि आपली आंघोळ आपण करावी. तेवढ्यासाठी मुलीने गवंड्याला बोलावले.

गवंडी उंच, मोठ्या मिशांचा आणि कामाचा पक्का होता. तो म्हणाला, "ताई, विकतची खुर्ची नको. ती पुन्हा सरकेल. भिंतीतच कट्टा बांधू. जागचा हलणार नाही."

"उंची किती ठेवाल?" मुलीने विचारले.

"ते मी नाही, काकांचे गुडघे ठरवतील. मांडी सरळ आणि टाच जमिनीवर टेकलेली, ही खरी उंची. काका, जरा या इकडे."

पण मास्तर आपले माप घेऊ देईनात! जन्मभर दुसऱ्यांची मापे घेतली, आता स्वतः माप द्यायला उभे राहायचे, हे त्यांच्या पचनी पडेना. गवंडीही काही कमी नव्हता. त्याने बाथरूमसमोरच्या बोळकांडीत विटा एकावर एक रचल्या आणि म्हणाला, "काका, या विटा जरा कच्च्या वाटतायत. तुम्ही बसून बघता का?" मास्तर बसले. गवंड्याने एक वीट काढली, पुन्हा बसवले, मान डोलावली आणि त्या उंचीवर बाथरूमच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. त्या विटा म्हणजे मीच. मास्तरांची आणि माझी ती पहिली ओळख.

त्या वेळी दोन गोष्टी कोणाच्याच लक्षात आल्या नाहीत. त्या मी आत्ता सांगत नाही.

मग माझे बांधकाम सुरू झाले. गवंड्याने विटा बादलीत बुडवून ठेवल्या. आमच्या अंगातून बुडबुडे निघायचे थांबल्यावरच त्याने आम्हाला हात लावला. कोरडी वीट सिमेंटमधले पाणी पिऊन टाकते आणि जोड कच्चा राहतो, म्हणून ही काळजी. पेन्सिलच्या रेघेपर्यंत त्याने विटा रचल्या. वरून प्लास्टर केले, पाणी मुरू नये म्हणून दोनदा काळा लेप दिला आणि शेवटी खरखरीत लाद्या बसवल्या. पाणी साचू नये म्हणून माझ्या पाठीला पुढच्या बाजूला जरासा उतार दिला. मग नातीची काचेची गोटी मागून घेतली आणि माझ्यावर ठेवली. गोटी सावकाश घरंगळत खाली पडली, तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसला. आठ दिवस मला रोज पाणी पाजले आणि मग लाद्यांचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. एवढे लाड कोणाचेही झाले तर त्याचे डोके फिरणारच. माझेही फिरले.

त्यातच शेजारीपाजारी मला बघायला येऊ लागले. "काय सुबक बांधलाय!" "हॉटेलातसुद्धा असा नसेल!" मी फुगत गेलो. आपण चांगले उंचेपुरे आहोत, याचा मला फारच अभिमान वाटू लागला.

आणि मग तो दिवस आला. मास्तर काठी टेकत आत आले. दार लोटले. कडी लावली. त्या कडीचा आवाज होताच मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मित्रांनो, मला वाटले, आपल्या जन्माचे सार्थक झाले.

ते माझ्यावर बसले आणि त्यांचे पाय जमिनीला पोहोचलेच नाहीत! नुसती बोटे टेकत होती, टाचा अधांतरी. अंगाला साबण लागला, पाणी पडले आणि माझ्या त्या कौतुकाच्या उतारावरून मास्तर पुढे घसरू लागले. त्यांनी नळाचा पाइप दोन्ही हातांनी धरला. पडले नाहीत, एवढेच. कसेबसे उभे राहून त्यांनी अंग पुसले, कपडे चढवले आणि भांग पाडून बाहेर आले.

"कसा वाटला हो बाबा?" मुलीने विचारले.

"छान आहे," मास्तर म्हणाले. "एकदम राजेशाही."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी काय केले, ते फक्त मला ठाऊक. ते आत येत, कडी लावत आणि बेसिनचा नळ मोठा सोडून तिथेच उभे राहत. एका हाताने बेसिनची कड धरून दुसऱ्या हाताने केस ओले करत, तोंड धूत आणि अंगावर भरपूर पावडर टाकून बाहेर पडत. बाहेर मुलीला पाण्याचा आवाज ऐकू यायचा. ती स्वयंपाकघरात गुणगुणायची. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती, असे भिंत म्हणाली. मला बोलता आले असते तर मी पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती. पण मी पडलो वीट आणि सिमेंट. मास्तर एका हातावर तोल सांभाळत उभे असत आणि मी कोरडा ठणठणीत. माझा सगळा ताठा तिथेच उतरला.

नवव्या दिवशी गवंडी आपणहून आला. काम संपल्यावर एकदा येऊन बघायची त्याची पद्धत होती. तो वाकला आणि त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. लाद्यांचे सांधे भरताना उडालेली पांढरी भुकटी त्याच्या बोटांना लागली.

"ताई, काका रोज आंघोळ करतात ना?"

"रोज! अगदी वेळेवर."

"मग ही भुकटी कशी राहिली? दोनदा पाणी पडलं असतं तरी वाहून गेली असती."

मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. बाहेरचे माणूस घरात आले की ते पायांत बूट घालत, तसे आजही घातले होते. जाड तळव्याचे, चकचकीत पॉलिश केलेले. गवंड्याची नजर त्या बुटांवर गेली आणि तिथेच थांबली.

"काका, त्या दिवशी विटांवर बसलात तेव्हाही हेच बूट होते का?"

मास्तरांनी पाय जरासे मागे घेतले.

"काढा बरं. आणि जरा बसून दाखवा."

मुलीने बूट काढले. कपड्यांसकट मास्तर माझ्यावर बसले. गवंडी गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपली बोटे मास्तरांच्या टाचेखाली सरकवली. एक, दोन, तीन. तीन बोटे सहज मावली.

"एक बोट बुटाचं," गवंडी हळू आवाजात म्हणाला, "आणि दोन बोटं माझी. माप घेतलं नुसत्या विटांवर. प्लास्टर आणि लादी वर चढणार, ते धरायलाच विसरलो. वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"म्हणजे बाबा, तुम्ही नऊ दिवस आंघोळच केली नाही?" मुलीचा आवाज चढला. "तरीच! तरीच घरभर पावडरचा वास! अहो, पडला असता तर? सांगायला काय झालं होतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर उभं राहतं आणि त्याचं तोंड पडतं, ते मी किती वेळा पाहिलंय. रात्ररात्र झोप लागायची नाही मला. ह्यांनी एवढं जीव लावून काम केलं. त्यांना कसं सांगू, की बसत नाही म्हणून? आणि तू… तू पुन्हा गुणगुणायला लागली होतीस."

मुलगी खाली फरशीवर बसली आणि तिने वडिलांची अधांतरी टाच आपल्या तळहातावर घेतली. तिचे डोळे भरून आले होते, मास्तरांचेही.

गवंड्याने मिशीवरून हात फिरवला. "काका, तुमच्याकडे कोट मोठा झाला तर काय करायचात?"

"मोठा झाला तर काळजी नसते. उसवायचा आणि आत घ्यायचा. तोकडा झाला की मात्र संपलं."

"मग हा मोठाच झालाय. उसवू."

मित्रांनो, उसवणे म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. छिन्नी आणि हातोडा! ज्या हातांनी मला पाणी पाजले, तेच हात माझ्यावर घाव घालत होते. लाद्या निघाल्या, लेप फाटला, वरचा विटांचा थर गेला. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. शेजाऱ्यांनी वाखाणलेली माझी उंची पोत्यात भरून बाहेर गेली. पण गवंड्याकडे पाहिले, तर प्रत्येक घावाला तोही डोळे बारीक करत होता.

या वेळी मास्तरांनी माप द्यायला खळखळ केली नाही. ते अनवाणी आले. दुकान बंद केल्यापासून कपाटात पडलेली आपली टेप त्यांनी काढली आणि गवंड्याच्या हातात दिली.

"घ्या. माझं माप माझ्या टेपनं घ्या. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत. ओढू नका, सैलही सोडू नका."

"सोळा इंच," गवंडी म्हणाला.

"सोळा. लादीसकट," मास्तरांनी बजावले, आणि पहिल्यांदाच दोघे मोठ्याने हसले.

एक वीट काढली की मी चार बोटे खाली जाणार होतो, म्हणून गवंड्याने एक बोटभर सिमेंटचा जाड थर दिला आणि पुन्हा लेप, पुन्हा लाद्या, पुन्हा गोटी. मी वाळेपर्यंत दहा दिवस मुलीनेच वडिलांना आंघोळ घातली. पण आता ती दोघे भिंतींकडे पाहत नव्हती. पावडरचा डबा पाहिला तरी त्यांना हसू फुटायचे.

अकराव्या दिवशी कडी लागली. मास्तर बसले. दोन्ही टाचा जमिनीवर घट्ट टेकल्या. त्यांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि डोक्यावर पाणी घेतले. किती वेळ झाला, तरी बाहेर येईनात. शेवटी मुलीने दार वाजवले. "बाबा, ठीक आहात ना?"

"अगं, अजून पाठ राहिलीय!" आतून आवाज गेला.

सहा वर्षे मास्तरांनी माझ्यावर बसून आपली आंघोळ आपण केली. मग ते गेले.

त्यानंतर माझे दिवस फिरले. माझ्यावर बादल्या आल्या, रिकाम्या बाटल्या आल्या, भिजवलेल्या कपड्यांचा ढीग आला. माझे सांधे काळे पडले. माझे साबण ठेवायचे पुढचे टोक उडाले, ते कोणी बसवले नाही. नात मोठी झाली आणि एकदा म्हणाली, "आई, हे धूड काढून टाकू या. जागा अडते नुसती." मुलगी "बघू" म्हणाली. तिचे केसही आता पांढरे झाले होते.

मागच्या महिन्यात ती काठी घेऊन आत आली. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. तिने एकेक बादली खाली उतरवली, बाटल्या गोळा केल्या आणि मला ब्रशने खसाखसा घासले. मग वळून कडी लावली आणि माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती. अंगाने ती वडिलांसारखीच, ठेंगणी. तिच्या दोन्ही टाचा बरोब्बर जमिनीवर टेकल्या.

ती खाली वाकली आणि आपल्या टाचेखाली बोट घालून पाहू लागली. बोट जाईना. तशीच पाण्याखाली बसून ती किती तरी वेळ रडली आणि मग गुणगुणू लागली. मला काढून टाकायचा विषय आता घरात निघत नाही.

मित्रांनो, आम्हा निर्जीव वस्तूंना थोडे घासूनपुसून ठेवा, एवढे मी मागेनच. माझे उडालेले टोकही कोणी बसवले तर बरे होईल. पण खरे मागणे वेगळे आहे. घरातले म्हातारे माणूस सहसा तक्रार करत नाही. तुम्ही हौसेने काही दिले की ते "छान आहे" म्हणते. तसे कोणी म्हणाले, तर एकदा खाली वाकून त्याच्या टाचांकडे बघा.